थोरली पाती

संशोधन केंद्राच्या मागील अंगास एक लांबट खोली होती. तिच्यात बावीस काचेच्या टाक्या मांडलेल्या होत्या आणि त्या बावीसही टाक्यांचा कर्ताधर्ता एकच मनुष्य होता. त्यास सर्वजण टाकीमामा म्हणत. वस्तुतः ते कोणाचेच मामा नव्हते. परंतु ज्याला हक्काने काम सांगावे आणि ज्याने कधी उलट बोलू नये, अशा माणसाला मामा करून टाकणे सोपे असते.

मामांचे शिक्षण आठवीपर्यंतचे होते. तथापि निरीक्षणाच्या बाबतीत भल्याभल्या पदवीधरांनी त्यांच्यापुढे हात टेकलेले होते. त्यांच्या टाक्यांत मासे नव्हते, कासवेही नव्हती. पाण्याच्या पाठीवर लांब, काटकुळ्या पायांनी सरसर धावणारा आणि कधीही न बुडणारा जो कीटक असतो, ज्यास निवळी म्हणतात, तो त्या टाक्यांत असे. पुष्कळ लोक त्याला पाण्यावरचा कोळी समजतात, ते चूक आहे. कोणी पाहुणा तसे बोलला तर मामा एरवी मवाळ असूनही त्याला तेथल्या तेथे दुरुस्त करीत.

या निवळ्यांच्या दोन जाती तेथे पाळल्या जात. एक होती डोंगराच्या अलीकडील, जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यातली, आणि दुसरी डोंगरापलीकडच्या नदीतली. दोघींची शास्त्रीय नावे इतकी लांबलचक होती, की ती उच्चारताना मामांच्या जिभेला ठेच लागे. म्हणून त्यांनी खाणीतलीला थोरली पाती आणि नदीतलीला धाकटी पाती असे नाव ठेवले. जणू एकाच मूळ पुरुषाची दोन घराणी, जी फार पूर्वी वेगळी निघाली आणि ज्यांच्यात पुढे येणे-जाणे उरले नाही. केंद्रातील मुख्य संशोधिका, ज्यांना सर्वजण नुसते बाई म्हणत, त्यांना ही नावे एवढी पसंत पडली की त्यांनी स्वतःच्या वहीतही तीच घातली.

साध्या डोळ्याला दोन्ही पात्या सारख्याच. बाईंना भिंगाखाली धरून त्यांच्या पोटाची कड पाहावी लागे, तेव्हा कोठे निर्णय होई. मामांना मात्र चालीवरून कळे. थोरल्या पातीचा नर मादीपासून हातभर दूर उभा राही, पुढचा पाय पाण्यावर हळूच दाबी, आणि त्यातून एक लांब, संथ लहर निघून मादीपर्यंत जाई. मग तो थांबे. मादी आली तर आली, न आली तर तो पुन्हा लहर धाडी. धाकट्या पातीच्या नराला हा दम नव्हता. तो दोन-तीन वेळा पाणी थोपटल्यासारखे करी आणि सरळ झडप घाली.

मामा म्हणत, की थोरला दाराबाहेर उभा राहून 'येऊ का' विचारतो आणि धाकटा चपलांसकट आत येतो. हे ऐकून बाई हसत, आणि बाई हसण्याचे प्रसंग फार थोडे असत.

बाईंच्या साऱ्या संशोधनाचा विषय हाच होता, की या दोन पात्या इतक्या जवळच्या असूनही एक का होत नाहीत. त्यांनी दोन्ही एका टाकीत ठेवून पाहिले होते. धाकट्या पातीच्या माद्या थोरल्या नराच्या लहरीकडे ढुंकूनही पाहत नसत, त्यामुळे त्या बाजूने काही घडतच नसे. परंतु धाकटे नर थोरल्या पातीच्या माद्यांवर झडप घालीत. मग माद्या अंडीही घालीत. पाण्यावर तरंगत्या बुचाच्या तुकड्याला चिकटवलेली ती अंडी सहाव्या दिवशी भिंगाखाली धरली, तर प्रत्येकात दोन तांबडे ठिपके दिसत. ते पिल्लाचे डोळे. बाराव्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर यावयाचे. येथेच घोडे पेंड खाई. या मिश्र अंड्यांतून एकही पिल्लू कधी बाहेर आले नाही. डोळे होत, पाय होत, सारे होई, आणि कवचाच्या आतच संपे.

"निसर्गाला ही सोयरीक मान्य नाही," असे मामा एकदा म्हणाले.

"निसर्गाला काही मान्य नसतं आणि अमान्यही नसतं, मामा," बाई म्हणाल्या. "जमत नाही, एवढंच."

दोन्ही पात्यांना पंख नव्हते आणि मध्ये आख्खा डोंगर होता. म्हणून ही गोष्ट केवळ टाकीत, माणसाने घडवली तरच घडत असे. खाणीत खाणीची, नदीत नदीची, असा संसार कोण जाणे किती सहस्र वर्षे सुरळीत चाललेला होता. थोरली पाती तर त्या एका खाणीवाचून अन्यत्र कोठे असल्याचे कोणासही ठाऊक नव्हते.

मग बाईंची बदली झाली. काम थांबले. मामांना भांडारात बसवण्यात आले आणि तीन वर्षे टाक्या कोरड्या पडून राहिल्या. चौथ्या वर्षी बाई परत आल्या. थंडी ओसरून उन्हाला ऊब येऊ लागली, तशी त्यांनी मामांना भांडारातून सोडवले आणि दोघे नव्या निवळ्या आणण्यासाठी खाणीवर गेले.

खाणीचे पाणी काळपट हिरवे होते. तीन बाजूंना कापलेल्या दगडाच्या पायऱ्या, एका कोपऱ्यात अर्धी बुडालेली गंजकी ढकलगाडी. पाण्यावर निवळ्यांची नुसती झुंबड उडालेली होती. बाईंचा चेहरा उजळला. मामा मात्र उकिडवे बसले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. पाणी जिकडेतिकडे थोपटले जात होते, आणि लांब लहर कोठेच नव्हती.

"बाई, ह्या आपल्या नाहीत," ते म्हणाले. "धाकट्या आहेत सगळ्या."

बाईंना ते खरे वाटेना. त्यांनी जाळीने दहा-बारा निवळ्या उचलून तेथेच भिंगाखाली धरल्या. साऱ्या धाकट्याच निघाल्या. दोघांनी मिळून दुपारपर्यंत सारा काठ पिंजून काढला. दाट सावलीच्या एका कपारीत थोरल्या पातीच्या अकरा माद्या आणि पाच नर मामांच्या नजरेला पडले. बाकी शेकड्यांनी होते ते सर्व धाकटे. कपारीतल्या त्या अकराजणींवर धाकट्यांची झडप अखंड चालू होती, आणि पाच थोरले दूर उभे राहून लहरी धाडीत होते. त्या लहरी गर्दीत विरून जात.

काय झाले असावे हे बाईंच्या तत्काळ ध्यानी आले. धाकटे एकदा आत शिरले की थोरल्या पातीची कोणतीही मादी मोकळी राहत नाही, तिची अंडी वाया जातात, आणि धाकटी पाती मात्र आपल्या आपल्यात वाढत जाते. विषाची गरज नाही, शत्रूची गरज नाही. प्रश्न एवढाच होता की धाकटे डोंगर ओलांडून आले कसे. बाई दगडावर बसून विचार करू लागल्या, आणि थोड्याच वेळात त्यांना उत्तर सापडले.

"पूर," त्या म्हणाल्या. "गेल्याच्या गेल्या वर्षी नदीला मोठा पूर आला होता ना? मी इथे नव्हते, पण वाचलं होतं. डोंगराला वळसा घालून पाणी इथपर्यंत आलं होतं ना, मामा?"

कोडे सुटल्याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर इतका स्पष्ट होता, की मामांना त्यांच्याकडे पाहवेना.

"आलं असेल," मामा म्हणाले.

पाणी आले नव्हते. मामांची घरी जाण्याची वाट खाणीवरूनच होती आणि पुराच्या त्या आठवड्यात पाणी वळणावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत येऊन ओसरले, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. धाकटी पाती खाणीत कशी आली, हेही त्यांना ठाऊक होते. तिला त्यांनीच आणले होते.

येथे मागील हकिकत सांगणे भाग आहे. हंगाम संपला की टाक्यांत ज्या निवळ्या उरत, त्या गरम पाण्यात घालून संपवाव्यात, असा बाईंचा कडक नियम होता. टाकीत एकदा आलेला जीव परत बाहेर जाता कामा नये. मामा मान डोलवीत, किटलीत पाणीही उकळीत, आणि त्या पाण्याचा चहा करून पीत. वर्षभर ज्यांना एकेक माशी टाकून वाढवले, त्यांच्यावर उकळते पाणी ओतण्यास त्यांचा हात धजत नसे. ते झाकणाच्या दोन बरण्या भरून निघत. थोरल्या पातीची बरणी घरच्या वाटेवर खाणीत रिकामी करीत. मग सायकल उलटी फिरवून, डोंगराला वळसा घालून पुलापर्यंत जात आणि धाकट्या पातीची बरणी नदीत सोडीत. सात वर्षे हा क्रम बिनबोभाट चालला. ज्याचे त्याला पोचते केले, असे समाधान वाटून मामांना त्या रात्री गाढ झोप लागे.

आठव्या वर्षी, म्हणजे काम बंद पडले त्याच वर्षी, त्यांचा उजवा गुडघा सुजलेला होता. खाणीपर्यंत ते कसेबसे आले. तेथून पूल पाच कोस दूर होता असे त्यांना त्या दिवशी वाटले. बरणीतल्या निवळ्या काचेवर पाय मारीत होत्या. पाणी ते पाणी, असे मामा मनाशी म्हणाले आणि त्यांनी दुसरीही बरणी तेथेच ओतली. पुढील तीन वर्षे येता-जाता ते रस्त्यावरून खाणीकडे पाहत. पाणी निवळ्यांनी भरलेले दिसे आणि आपल्या हातून काही चांगले घडले, असे वाटून त्यांना बरे वाटे. रस्त्यावरून सर्व निवळ्या सारख्याच दिसतात.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हे सारे बायकोला सांगितले. ती इस्पितळाच्या चादरी शिवून देण्याचे काम करी आणि तिची जीभ सुईपेक्षा धारदार होती. मशीन न थांबवता तिने सर्व ऐकून घेतले.

"म्हणजे तुम्ही धाकट्यांना मारलं नाही, म्हणून थोरल्या मेल्या," ती म्हणाली. "दया करायलाही अक्कल लागते हो."

मामा खाली मान घालून बसले. तेव्हा तिने मशीन थांबवले आणि आवाज खाली आणला.

"उद्या जाऊन सांगून टाका. उद्या सांगितलंत तर चूक म्हणतील. महिन्यानं सांगितलंत तर लबाडी म्हणतील."

हे बोलणे लाखमोलाचे होते आणि मामांना ते पूर्णपणे पटले. दुसऱ्या दिवशी ते मनाचा हिय्या करूनच केंद्रात गेले. परंतु बाईंनी त्यांना पाहताच एक कागद पुढे केला. पुराने एका जातीचे प्राणी दुसऱ्या जातीच्या घरात नेऊन सोडल्याचे हे विरळ उदाहरण आहे, असे एक छोटे टिपण लिहून त्यांनी ते सकाळीच एका नियतकालिकाकडे पाठवले होते. शेवटच्या ओळीत मामांचे आभार मानलेले होते. स्थानिक परिस्थितीची माहिती त्यांनी दिली, असे. मामांनी ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि सांगावयाचे ते न सांगता कागद परत दिला.

येथवर केवळ चूक होती. पुढे जे घडले त्याला मात्र दुसरे नाव द्यावे लागेल. बाईंनी असा तर्क बांधला, की पुराने धाकट्यांना जर खाणीत आणले, तर परतताना त्याने थोरल्यांनाही नदीकडे नेले असणार. नदीच्या काठी कोठेतरी शांत वळणांत त्यांची वस्ती असेल. कपारीतल्या सोळा जीवांना आताच हात लावला आणि ते टाकीत दगावले तर हातचे जाईल. तेव्हा आधी नदी शोधावी, हे शहाणपणाचे. तर्क निर्दोष होता. फक्त ज्या पायावर तो उभा होता, तो पाया मामांच्या दोन शब्दांचा होता.

तीन आठवडे दोघे नदीवर हिंडले. बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चिखलातून चालत, घसरत, पुन्हा उठत. मामा पुढे चालून एकेक वळण पाहत. ते खोटे खोटे शोधत होते, असे कोणी समजू नये. त्यांनी आयुष्यात एवढ्या जिवापाड कशाचाही शोध घेतला नसेल. कारण एक, केवळ एक लांब लहर जरी त्या पाण्यावर उमटली असती, तरी त्यांचे असत्य सत्य झाले असते. ते एकेका वळणावर तासभर श्वास रोधून बसत. बाई मागून येऊन थरमासमधला चहा त्यांच्यापुढे धरीत.

"तुमचा डोळा आहे म्हणून मी निश्चिंत आहे, मामा," त्या एकदा म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात की नाहीच."

मामांनी चहा घेतला. तो त्यांना कडू लागला. त्या दिवशीही सांगता आले असते. सांगण्याची वेळ रोज येत होती आणि आदल्या दिवशीपेक्षा रोज थोडी अवघड होत होती. पाण्यात भिजत पडलेली गाठ कालांतराने नखांनी सुटत नाही, तसे ते झाले.

नदीत काही मिळाले नाही. तीन आठवड्यांनी ते पुन्हा खाणीवर आले, तेव्हा कपारीत सात माद्या उरल्या होत्या आणि एक नर.

बाईंनी स्वतः जाळी धरली आणि आठही जीव बरणीत घेतले. केंद्रात आल्यावर मामांनी सर्वांत मोठी टाकी घासून पुसून सिद्ध केली. पाण्यावर हादरा नको म्हणून त्यांनी खोलीतला पंखा बंद केला, नदीवरून आणलेल्या धाकट्यांच्या शेजारच्या टाक्यांचे हवेचे पंप बंद केले, आणि ते स्वतः अनवाणी वावरू लागले. झाडूवालीला त्यांनी दारातच अडवले, तेव्हा आत बाळंतीण निजली आहे की काय, असे ती कुत्सितपणे म्हणाली. मामा म्हणाले, तसेच समज.

आशा कशात होती, हे बाईंनी त्यांना समजावून सांगितले. सातही माद्यांना धाकट्यांनी सोडलेले नाही हे उघड आहे, आणि धाकट्यांचे बी या माद्यांच्या पोटात साठलेले असणार. परंतु निवळ्यांच्या बाबतीत जो नर शेवटी येतो, बहुधा त्याचेच बी अंड्याला लागते. तेव्हा या एका नराशी जुळले, तर थोरल्या पातीची खरी अंडी मिळू शकतील. बहुधा हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

नर म्हातारा झालेला होता. त्याचा एक मधला पाय तुटका होता. तो टाकीच्या एका कडेला उभा राहून लहर धाडी आणि थांबे. माद्या बुचाच्या तुकड्यांवर अंग चोरून बसलेल्या असत. इतक्या झडपा सोसल्यावर पाण्याची कसलीही हालचाल त्यांना नकोशी झाली होती. जराशी लहर पोचली, की त्या उडी मारून कोपरा गाठीत. ज्या लहरीने त्यांनी यावयाचे, त्याच लहरीने त्या पळत होत्या. मामा स्टुलावर बसून हे पाहत आणि मनात म्हणत, की अरे, एकदा तरी धाकट्यासारखे वाग. परंतु तो थोरला होता. त्याला विचारल्यावाचून आत जाता येत नव्हते.

पाचव्या दिवशी एक मादी हलली नाही. लहर तिच्यापर्यंत गेली. दुसरी गेली. मग ती दोन पावले पुढे आली. पुढच्या क्षणी दोघे एकत्र होते, आणि मामांनी धावत जाऊन बाईंना आणले, तरीही एकत्रच होते. बाईंनी नंतर त्या मादीच्या पाठीवर सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा बिंदू दिला. दोन दिवसांनी तिने बुचाच्या खालच्या बाजूला अडतीस अंडी घातली.

अंडी घातल्यापासून सहाव्या दिवशी मामांनी बूच भिंगाखाली धरले. अडतीसच्या अडतीस अंड्यांत तांबडे डोळे उमटले होते. त्या दिवशी घरी गेल्यावर ते बायकोशी आपण होऊन बोलले, दोनदा जेवण वाढून घेतले, आणि आता सांगण्याची वेळ आली आहे असे म्हणाले. पिल्ले बाहेर येऊ देत, मग सारे सांगतो. तेव्हा बाई रागावल्या तरी त्यांच्या हातात काही असेल. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिले. आधी पाप, मग नवस, असे करू नका, एवढेच ती म्हणाली.

बाईंनीही त्यांना सावध केले होते. "डोळ्यांवर जाऊ नका, मामा. डोळे मिश्र अंड्यांतही येतात." परंतु त्या स्वतःही दिवसातून चार वेळा कोणते ना कोणते निमित्त काढून टाकीपाशी येत असत.

नवव्या दिवशी सकाळी नर पाण्यावर आडवा पडलेला आढळला. बाराव्या दिवशी, पंप बंद असूनही तग धरून असलेल्या शेजारच्या टाकीत, धाकट्या पातीची, या अडतीसांच्याच दिवशी घातलेली अंडी फुटली आणि राईएवढी पिल्ले पाण्यावर पळू लागली. अडतीस अंडी तशीच होती. तेराव्या दिवशीही तशीच होती. चौदाव्या दिवशी मामांनी पाणी थोडे कोमट करून पाहिले. पंधराव्या दिवशी बाईंनी एक अंडे सुईने उकलले. आत पिल्लू पूर्ण झालेले होते. सहाही पाय पोटाशी दुमडलेले, डोळे जागच्या जागी. त्यांनी दुसरे उकलले, तिसरे उकलले, आणि मग सुई खाली ठेवली.

"धाकट्याचीच," त्या म्हणाल्या. "आधीचंच लागलं."

उरलेल्या सहा माद्यांचीही अंडी तशीच निघाली होती. नर दुसरा नव्हता. खोलीत पंख्याचाही आवाज नसल्यामुळे शांतता जरा जास्तच भासत होती. त्या शांततेत मामांनी सांगितले. त्यांनी गुडघ्यापासून आरंभ केला, मग बरण्या, मग किटली, मग सायकलच्या दुकानापाशी थांबलेले पुराचे पाणी. क्रम उलटसुलट झाला, तरी त्यांनी काही गाळले नाही.

बाई भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. त्यांनी डोके वर केले नाही. दुसऱ्या बरणीत किती होत्या, असे त्यांनी विचारले. साठ-सत्तर, मामा म्हणाले. त्यांत नर किती, असे त्यांनी विचारले. ते मामांनी मोजले नव्हते.

बाईंनी भिंग बाजूला सारले.

"तीन आठवडे, मामा. पाच नर होते तिथे. आणि आपण तीन आठवडे नदीवर फिरलो."

बाईंनी 'का' असे विचारले असते, तर त्यावर मामा म्हणणार होते, की तुम्हाला कोडे सुटल्याचा इतका आनंद झाला होता. पण त्यांनी विचारले नाही, आणि हे कारण मनातल्या मनात उच्चारून पाहताच मामांनाच ते इतके किरकोळ वाटले, की त्यांनी ते गिळून टाकले.

बाईंनी नियतकालिकाला दुसरे टिपण पाठवले. पहिले मागे घेतले. नव्या टिपणात, केंद्रातील एका कर्मचाऱ्याने सोडल्यामुळे, असे वाक्य होते. ते त्यांनी मामांना वाचून दाखवले आणि नाव घातलेले नाही असे सांगितले. घाला, मामा म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्याने कोणाचं काय व्हायचं आहे, त्या म्हणाल्या, आणि पाकीट बंद केले. त्यांनी मामांना कामावरून काढले नाही, साहेबांकडे तक्रारही नेली नाही. फक्त त्यानंतर मामांनी एखाद्या निवळीकडे बोट दाखवून ती कोणत्या पातीची हे सांगितले, की बाई हो म्हणत, ती उचलत, आणि भिंगाखाली धरून स्वतः पाहून घेत.

सात माद्या उन्हाळाभर जगल्या. त्यांना बाहेर सोडण्यात अर्थ नव्हता आणि आत ठेवण्यातही नव्हता. त्या अंडी घालीत राहिल्या. मामा बूच बदलीत राहिले. सहाव्या दिवशी डोळे येतात म्हणून ते पाचव्याच दिवशी बूच काढून टाकीत. बाई त्या टाकीकडे फारशा फिरकत नसत. पंप आता पुन्हा चालू करायला हरकत नाही, एवढे त्या एकदा दारातून म्हणाल्या. मामांनी ते चालू केले. पाण्यावर सतत बारीक थरथर उठू लागली. परंतु तीत हरवण्यासारखी दुसरी लहर आता कोणतीच उरली नव्हती.

एकेक करून त्या गेल्या. पाठीवर पांढरा बिंदू असलेली शेवटी राहिली. ती सतरा दिवस एकटी जगली. तिला मामा दररोज सकाळी एक माशी टाकीत, आणि ती माशीपाशी येई. बाईंनी एका कामाविषयी बजावून ठेवले होते: ही जाईल तो दिवस आणि वेळ नोंदवायची आहे, अशी नोंद कोणाला पुन्हा करता यायची नाही, तेव्हा या वेळी तरी नेमके असू द्या. मामांनी मान डोलवली. ते स्टूल टाकीपाशी ओढून बसू लागले.

परंतु केंद्रात टाक्या एकवीस आणखीही होत्या. धाकट्या पातीची त्या वर्षीची पिल्ले अमाप झाली होती, आणि त्यांना दिवसातून दोनदा खाणे लागे. न मिळाले तर ती एकमेकांना खात. त्या दिवशी मामा दहाच्या सुमारास पलीकडच्या रांगेत गेले. माश्यांची बाटली घेऊन त्यांनी एकेका टाकीवर झाकण उघडले, टाकले, पाहिले, झाकण लावले. एका टाकीचे पाणी बदलावे लागले. मग झाडूवालीने येऊन नळ गळतो म्हणून सांगितले, तो त्यांनी आवळून दिला. ते परत आले, तेव्हा पांढरा बिंदू पाण्यावर स्थिर होता आणि सकाळची माशी शेजारीच न खाता पडलेली होती.

त्यांनी बोटाने पाणी हलवून पाहिले. मग बाईंना बोलावले.

"किती वाजता?" बाईंनी वही उघडून विचारले.

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन वाजायला आले होते. दहा वाजता ती जिवंत होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. असेल बाराच्या सुमारास, असे त्यांच्या जिभेवर आले होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी धाकट्यांना खायला घालत होतो."

बाईंनी वेळेच्या रकान्यात काही लिहिले नाही. त्यांनी वही मिटली, आणि जाताना पलीकडच्या टाक्यांचे दुपारचे खाणे राहिले असेल तर घालून घ्या, असे सांगितले.